मनालीने ठाण्यासमोर घातलेलं गाऱ्हाणं

काल आम्ही गावातली माणसं पोलीस ठाण्यावर मोर्चा घेऊन गेलो. तिथे असं काही घडलं, की आज सकाळी पूजेला बसलो तरी एकटाच हसतोय आणि डोळेही भरून येतायत...

मागच्या महिन्यात माझ्या धाकट्या भावाला पोलिसांनी जेटीवर लाठ्यांनी मारलं. होडी बाजूला घेण्यावरून शब्दाला शब्द लागला, एवढंच. त्याची मुलगी मनाली, अकरावीतली, समोरच उभी होती... पाहणारी ती एकटीच.

तेव्हापासून खाकी कपडे दिसले की ती थरथरायची. कॉलेज बंद. आणि तिच्या जबाबाशिवाय तक्रार पुढे सरकेना. काल मात्र माझा हात घट्ट धरून आली.

आमच्याकडे कुठल्याही कामाआधी देवाला गाऱ्हाणं घालतात. एकाने मागायचं, बाकीच्यांनी 'होय म्हाराजा' म्हणायचं. पण घोषणा देऊन देऊन, नेहमी गाऱ्हाणं घालणाऱ्या आमच्या मानकरी आबांचा आवाजच बसला!

"बाबल्या, तू घाल रे."

"माका खंय येता?"

"मगे लग्नात कसो बडबडतंस?"

अशी ढकलाढकली चाललेली, तोच माझ्या मागून बारीक आवाज आला... "बा देवा रवळनाथा..."

मनाली! महिनाभर धड न बोललेली पोर. आमच्यात बायका गाऱ्हाणं घालत नाहीत, पण कोणी अडवलं नाही. आबांनीच पहिल्यांदा हात जोडले.

"माझ्या बापाशीक ज्यांनी मारल्यानी, तेंका शिक्षा होऊ दे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

आणि सगळ्यात खणखणीत 'होय म्हाराजा' आला गेटवरच्या हवालदाराचा! टोपी काढून, डोळे मिटून... जन्माची सवय हो. डोळे उघडले आणि आपण कशाला 'होय' म्हटलं ते त्याच्या ध्यानात आलं. टोपी उलटीच घातली त्याने.

"हवालदारानू, तुमी पण आमचेच मां!" कोणीतरी ओरडलं. सगळा रस्ता हसला. मनालीसुद्धा हसली... खाकी कपड्यांकडे बघून.

मग तिने माझा हात सोडला. "काका, तू हयच रव. मी जातंय."

भीती गेली असं मी म्हणणार नाही. पण ती पायऱ्या चढली, आत बसली, आणि खिडकीतून तिचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू येत राहिला... पहिल्या लाठीपासून शेवटच्या लाठीपर्यंत.

मी देवाकडे तिच्यासाठी धीर मागत होतो. त्याने तर तिला गावासमोर उभं केलं... आणि गावाला तिच्या मागे.