औरंगाबादला न लागलेला फोन

नवा मोबाइल घेताना माझा मुलगा दुकानदाराला पन्नास प्रश्न विचारतो. ह्यात कोणते बँड आहेत, आपल्याकडचं नेटवर्क धरेल का, परदेशात नेला तर चालेल का. दुकानदार वैतागतो, मी मात्र गप्प बसून ऐकतो. फोन कितीही देखणा असला तरी पलीकडच्या यंत्राला त्याची भाषा कळली पाहिजे, हे मला फार वर्षांपूर्वी झरीला, माझ्या गावी, आमच्याच बैठकीत कळलं. त्यापायी सोसावं मात्र दुसऱ्याच कुणाला लागलं.

मी तेव्हा पंचवीस वर्षांचा होतो. बीएस्सी अर्धवट सोडून गावात परतलेला, इस्त्रीची पँट घालून हिंडणारा, काही न करता रुबाब करणारा. गावात फोन मोजक्या घरांत होते, त्यांतला एक आमच्याकडे. काळा, जड, डायलचा. नामांतराचा ठराव होऊन दहाएक वर्षं झाली होती. विद्यापीठाचं नाव काही बदललं नव्हतं, आणि ते बदलू नये हे आमच्या बैठकीत रोज चहाबरोबर ठरायचं. मीही मान डोलवायचो. तुझा विरोध नेमका कशाला, असं कुणी विचारलं असतं तर दोन वाक्यं धड सांगता आली नसती.

बौद्धवाड्यातल्या कुणाला फोन करायचा असला की तो ओट्याच्या पायरीशी थांबायचा. नंबरचा कागद वरच्या पायरीवर ठेवायचा. मी तो उचलून आत जायचो, फोन लावायचो आणि इकडचं तिकडे, तिकडचं इकडे ओरडून सांगायचो. रिसीव्हर त्यांच्या हातात द्यायचा नाही, असं कुणी कधी बोलून दाखवलं नव्हतं. तशी गरजच पडत नव्हती. उलट आपण केवढी मदत करतो, असं वाटून माझी छाती फुगायची.

त्या उन्हाळ्यात दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आखातातून आले आणि माझ्यासाठी बटनांचा फोन घेऊन आले. साबणाच्या नव्या वडीसारखा गुळगुळीत, सायीच्या रंगाचा. रिसीव्हर उचलला की बटनांखाली हिरवा उजेड पडायचा. मी काळा फोन सोडवून धान्याच्या खोलीत टाकला आणि हा जोडला. आलेला फोन झकास ऐकू यायचा. पण बटनं दाबून आपण फोन करायला गेलं की नुसतं टूं-टां वाजायचं आणि डायलटोन आपला चालूच राहायचा.

लाइनमनला गुपचूप बोलावून दाखवला. तो हसला. म्हणाला, "आपलं एक्स्चेंज कटकट मोजतंय, मालक. डायल फिरून मागं येताना जेवढ्या बार कट व्हतंय, तेवढा आकडा. ह्यो फोन कटकट करतच न्हाई, गाणं म्हणायलाय. एक्स्चेंजला कुठलं आलंय गाणं?" वर, असला फोन सरकारी तारेला जोडू नका, असंही बजावून गेला.

मी तो काढला नाही. कारण पुढच्याच शनिवारी सेलूहून पाहुणे मला बघायला येणार होते. बैठकीत बटनांचा फोन असावा, एवढीच माझी अक्कल. कपाटाच्या लाकडावर चरे पडू नयेत म्हणून फोनच्या बुडाला हिरव्या मखमलीचा तुकडाही मीच हौसेनं चिकटवला. पाहुणे गेले की काळा फोन पुन्हा लावायचा, असं ठरवलं होतं.

पाहुणे आले. मुलीचे वडील, मामा आणि आणखी दोघं. पोहे झाले, चहा झाला, फोनचं कौतुक झालं. मामा म्हणाले, "आमच्याकडं अजून डायलचाच हाय." मी म्हटलं, "ह्याला काय, बटन दाबलं की मुंबई." बोलताना जीभ अडखळलीसुद्धा नाही.

तेवढ्यात पायरीशी हाक आली. आमच्या शेतात सालोसाल काम केलेला एक माणूस हातात पाकीट धरून उभा होता. माझ्या वडिलांच्या वयाचा. मी त्याला अरे-तुरे करायचो आणि तो मला मालक म्हणायचा. त्याच्या मागे त्याची मुलगी, बारावी झालेली, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत.

"मालक, एवढा एक फोन लावा," तो म्हणाला. "पोरीचं नाव लागलंय औरंगाबादला, नर्सच्या शिक्षणाला. कागद आजच हाती पडला. आज बाराच्या आत कळवा म्हणतेत, न्हाईतर दुसरीला देतेत जागा. पोस्टातला फोन बंद हाय."

साडेदहा वाजले होते. कागद मी वाचला. त्याचं म्हणणं खरं होतं. होकार समक्ष किंवा फोननं कळवावा, अन्यथा यादीतल्या पुढच्या नावाला जागा जाईल. एसटीनं औरंगाबाद गाठायचं तर दुपार टळली असती.

धान्याच्या खोलीतून काळा फोन आणायचा, दोन स्क्रू सोडवायचे, दोन आवळायचे. दहा मिनिटांचं काम. पण मग पाहुण्यांसमोर कबूल करावं लागलं असतं की हा फोन नुसता शोभेचा आहे. मामा तर पुढे सरकून बसलेच. "लावा की, आमालाबी बघू द्या."

मी रिसीव्हर उचलला. हिरवा उजेड पडला. कागदात बघून एकेक बटन दाबलं. डायलटोन कानात तसाच घुमत होता. आणि मी त्या डायलटोनशी बोललो. "हॅलो, नर्सिंग स्कूल का? झरीहून बोलतोय." मुलीचं नाव सांगितलं. मध्ये थांबलो, ऐकल्यासारखं केलं, हं हं म्हणालो. "सोमवारी सकाळी? बरं, पाठवतो." शेवटी आभार मानले तेव्हा डायलटोन थांबून एंगेजचा आवाज सुरू झाला होता. मग दारात जाऊन मी ओरडून सांगितलं, "झालं काम. सोमवारी बोलावलंय."

त्यानं हात जोडले. मुलगी हसली. तिला मी आधी कधी हसताना बघितलं नव्हतं. तो जर आत आला असता, रिसीव्हर त्याच्या कानाला लागला असता, तर माझी ही थाप एक क्षणही टिकली नसती. ओट्याच्या पायरीनं मला वाचवलं.

पाहुण्यांना घाईनं वाटेला लावून खरा फोन करायचा, असं मी मनाशी म्हणत होतो. खोटं नाही सांगत, म्हणत होतो. पण पाहुणे जेवायला थांबले, बोलणी रंगली, आणि मी घड्याळाकडे बघितलं तेव्हा दीड वाजून गेला होता.

रविवारी सकाळी बापलेक औरंगाबादच्या गाडीची वाट बघत थांब्यावर उभे होते. सगळा बौद्धवाडा पोचवायला आला होता. नवी पत्र्याची पेटी, तिच्यावर पांढऱ्या रंगात मुलीचं नाव. मी तिथं गेलो होतो. खरं सांगायलाच गेलो होतो. पण त्यानं मला बघून लोकांना बाजूला सारलं, म्हणाला, "ह्यांच्यामुळं झालं." गाडी आली तशी मी पेटीला हात लावून ती टपावर चढवायला मदत केली आणि घरी आलो.

मंगळवारी तो पायरीशी आला. एकटाच. पेटी परत आली होती. "फोन आलाच न्हाई म्हणतेत, मालक. मी म्हणलं, माझ्या डोळ्यांदेखत केलाय. तर तिथली बाई म्हणाली, एवढ्या वयाचे आहात तुमी, खोटं कशाला बोलता." मग म्हणाला, "आडनाव वाचून दिली असंल दुसरीला. आमच्यासंगं असंच करतेत."

मी काय म्हणालो? मी म्हणालो, "लोकच तसे असतात." हे वाक्य आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. जगात खरोखर घडणाऱ्या अन्यायाच्या आड मी माझं खोटं लपवलं. तिथं लपायला जागा भरपूर होती. जुन्या बेइमानीत माझी एक आणखी खपून गेली, कुणाला शंकासुद्धा आली नाही.

ती मुलगी त्या वर्षी आमच्याच शेतात खुरपायला आली, मग कापूस वेचायला. मी बांधावर जायचं टाळायचो. माझं लग्न झालं, सेलूचीच मुलगी. बटनांचा फोन कपाटावर तसाच राहिला. तो उतरवला तर का उतरवला असं कुणी विचारेल, ही भीती. मला फोन करायचा असला की मी सायकल काढून पोस्टात जायचो. पायरीशी कुणी आलं तर लाइन बंद आहे म्हणायचो.

पुढच्या वर्षी, शाळा सुरू व्हायच्या दिवसांत, मी आत जेवत होतो. बाहेर बायकोचा आवाज आला, "आत ये की गं. पायरीवर काय उभी राहिलीस?" बायकोच्या शाळेतल्या सगळ्या मैत्रिणी तिच्या माहेरी चुलीपर्यंत यायच्या. आमच्या घरचा रिवाज तिला कुणी शिकवला नव्हता. मी हात न धुताच दारात आलो. ती मुलगी बैठकीत, कपाटासमोर उभी होती. दुसऱ्या एका ठिकाणी तिला प्रवेश मिळाला होता आणि ह्या वेळी तिला स्वतः बोलायचं होतं.

बायको सहज म्हणाली, "पर ह्याच्यावरून लागत न्हाई गं. आलेला तेवढा ऐकू येतोय. घेतल्यापासून एकदा बी लागला न्हाई, असं हेच सांगतेत."

मुलीनं आधी फोनकडे, मग माझ्याकडे बघितलं. मी दाराच्या चौकटीला उष्टा हात टेकवून उभा होतो.

मग का लागत नाही ते बघायला तिनं फोन उचलून उलटा केला. वर्षभरात मखमलीचा कोपरा सुटला होता. तिनं नखानं तो आणखी वर उचलला. खाली नखाएवढी खटकी होती, एका बाजूला इंग्रजी पी, म्हणजे कटकट, दुसऱ्या बाजूला टी, म्हणजे गाणं. तिनं ती टीवरून पीवर सरकवली, रिसीव्हर कानाला लावला, बटन दाबलं. आतून कट कट कट असा आवाज आला, डायलसारखा. माझ्या हातानं झाकलेली ती खटकी त्या शनिवारीही तिथंच होती.

फोन लागला. "हो, मी येणार आहे," ती सावकाश, पुस्तकी मराठीत म्हणाली. "हो. मी स्वतः बोलतेय."

बायको चहा टाकायला आत गेली. मुलीनं रिसीव्हर ठेवला, मखमल नीट दाबून बसवली. मला वाटलं आता शिव्या देईल. देऊ दे, असंच वाटत होतं.

"माझ्या बापाला सांगू नका," ती खालच्या आवाजात म्हणाली. "तुमी फोन केला व्हता, असं त्यानं साऱ्या गावाला सांगितलंय. आता ह्या वयात कुणाकुणाला काय सांगत फिरंल?"

चहाला ती थांबली नाही. शिकली, नर्स झाली. तिचा बाप पुढे बरीच वर्षं जगला. रस्त्यात मी दिसलो की थांबायचा आणि सोबतच्या माणसाला सांगायचा, "आमच्या पोरीसाठी ह्यांनी फोन केलता." मी दर वेळी मान हलवली.