टॅबचा आवाज बंद केला तेव्हा

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली, त्या सोमवारी माझी चांगलीच फजिती झाली. आमच्या शहरातल्या लालबाग राजवाड्याच्या मागच्या वस्तीत आमची सरकारी शाळा, हिंदी माध्यमाची. मी चौथीला शिकवते.

एका संस्थेने आम्हाला टॅब दिलेत. त्यात गोष्टींची डिजिटल पुस्तकं आहेत. पान उघडलं की एक बाई गोड आवाजात वाचते आणि वाचला जाणारा शब्द पिवळा होतो. पोरं एकदम खूश... आणि खरं सांगायचं तर मीही.

त्या दिवशी मोठ्या मॅडम, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, वर्गात आल्या. मी ऐटीत पायलला उभं केलं. तिचे वडील सियागंजच्या बाजारात मालाची लोडिंग रिक्षा चालवतात, घरी वाचणारं कोणी नाही... आणि पोरगी बकरीची गोष्ट घडाघडा वाचते!

मोठ्या मॅडमनी टॅबचा आवाज बंद केला, मधलंच एक पान उघडलं आणि म्हणाल्या, "बेटा, यहाँ से पढ़ो."

पायलने सुरू केलं... "एक थी बकरी..."

गोष्टीची पहिली ओळ! त्या पानावर बकरीचं नावसुद्धा नव्हतं.

वर्गात कोणी हसलं नाही. बहुतेकांची तीच गत होती. सगळ्यांनी गोष्टी ऐकून पाठ केल्या होत्या, आणि पायलचे डोळे भरून आले होते.

बाहेर आल्यावर मोठ्या मॅडम म्हणाल्या, "ये टैब अलमारी में रखवा दीजिए. बच्चे सिर्फ सुन रहे हैं."

त्यांचं चूक नव्हतं. पण छापलेल्या पुस्तकातले धडेही ही पोरं पाठच करत होती की! मी म्हटलं, "मैडमजी, एक महीना दीजिए." त्या "ठीक है" म्हणाल्या.

त्याच टॅबमध्ये रेकॉर्डिंगचं बटण होतं, मी कधी हात लावला नव्हता. त्या बाईचा आवाज काढून तिथे आपला आवाज भरता येतो. मी वर्गात जाहीर केलं... प्रत्येकाने न ऐकलेली गोष्ट घ्यायची आणि पहिलीच्या मुलांसाठी स्वतः वाचून भरायची.

"मेरे से नहीं होगा, मैडम," पायल म्हणाली. त्या सोमवारपासून ती टॅबकडे बघतही नव्हती.

"होगा. जितनी बार बिगड़ेगा, उतनी बार फिर से करेंगे. मैं बैठी हूँ ना."

मधल्या सुट्टीत आम्ही जिन्याखाली बसायचो. 'प्यास' शब्दावर ती एक अख्खी सुट्टी अडली. कसंबसं एक पान पूर्ण होत आलं की बाहेरून कचरागाडीचं गाणं यायचं... सगळं रेकॉर्डिंग बाद! "फिर से?" म्हणून ती कपाळाला हात लावायची. मी मनातल्या मनात कचरागाडीला धन्यवाद द्यायची. तेवढंच आणखी एकदा वाचणं!

असंच एकदा चाललेलं असताना तिने स्वतःच बटण दाबून रेकॉर्डिंग थांबवलं.

"रुको मैडम, गलत हो गया. मैंने 'कहा' बोला... यहाँ 'कहाँ' लिखा है. बिंदी है ऊपर."

माझ्या लक्षातही आलं नव्हतं. पोरगी आता वाचत होती.

गेल्या आठवड्यात मोठ्या मॅडम पुन्हा आल्या. पायलसमोर नवीनच गोष्ट उघडली, आवाज बंद. तिने बोट ठेवून, हळूहळू, दोन-तीन ठिकाणी अडकत पान पूर्ण केलं. घडाघडा नाही... पण एकेक शब्द तिचा स्वतःचा.

मोठ्या मॅडम तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "शाबाश." मग मला, "तीसरी वालों को भी सिखाइए ये."

मशीन मुलांना वाचून दाखवतं, ते चांगलंच आहे. पण मुलाने मशीनला वाचून दाखवलं की काय होतं, ते मी पाहिलं. आता वर्गात कोणी अडखळलं की मला बरं वाटतं... डोळे अक्षरावर आहेत एवढं तरी कळतं.

अजून अर्धा वर्ग बाकी आहे. उद्या रोहितची पाळी, आणि 'क्ष' दिसला की त्याचं पोट दुखतं. दुखू दे... मी शेजारीच बसणार आहे.