आक्कांचा बिल्ला

डोळ्यांनी न पाहिलेली वस्तू आक्का कधी शिवायच्या नाहीत. ब्लाउजवर मोर काढून द्या म्हणून कुणी आलं, तर धर्मापुरीकडच्या माहेरच्या शेतात पाहिलेला मोर आठवून त्या हुबेहूब भरायच्या. राजहंस मात्र त्यांनी कधीच काढला नाही. "म्या पाह्यला न्हाई," एवढंच उत्तर. मग गिऱ्हाईक परत गेलं तरी बेहत्तर.

परळीच्या वीज केंद्राच्या कॉलनीसमोर त्यांचं पत्र्याचं शिलाईचं दुकान होतं. मी शाळेत खेळाचा शिक्षक आणि कॉलनीच्या मैदानावर भरणाऱ्या फुटबॉल स्पर्धेचा चिटणीस. पहिल्या वर्षी जिंकणाऱ्या संघाच्या छातीवर लावायला कापडी बिल्ले हवे होते. पुढं चेंडू आणि मागं केंद्राची चिमणी, असं चित्र काढून मी आक्कांकडे गेलो. त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला.

"मास्तर, हा चेंडू हाय का टरबूज? खरा आणा."

खरा चेंडू दोन दिवस त्यांच्या मांडीवर होता. काळे तुकडे पाच कोपऱ्यांचे, पांढरे सहा कोपऱ्यांचे, आणि ते एकमेकांत कसे बसतात, हे मला त्यांनी शिकवलं. इतकी वर्षं चेंडूला लाथा मारूनही माझं तिकडं लक्ष गेलं नव्हतं.

पुढच्या वर्षी मला बिल्ल्यावर बूटही हवा होता. आक्कांनी माझा बूट समोर ठेवून तो शिवला, पण तो खेळताना कसा दिसतो ते बघायला म्हणून मैदानावर आल्या आणि मग सगळे सामने पाहूनच घरी गेल्या. त्याच्या पुढच्या वर्षीचे बिल्ले हातात आले, तेव्हा बुटाच्या जागी पाऊल होतं. उघडं, पाचही बोटं फाकलेली. मी चिडलो.

"कावून चिडता?" त्या म्हणाल्या. "निम्मी पोरं बिनबुटाचीच खेळत्यात. बूट काढला तर त्येंना वाटंल, ह्यो बिल्ला आपला न्हाई."

ते पाऊल मग आमचं बोधचिन्हच झालं. बीडहून, अंबाजोगाईहून येणारे संघ स्पर्धेला 'पावलाचा कप' म्हणू लागले. एका वर्षी पाऊस नव्हता. पाण्यावाचून केंद्र बंद पडलं आणि कॉलनीत सुतकासारखं वातावरण होतं. त्या वर्षीच्या बिल्ल्यावर चिमणी होती, धूर नव्हता. "न्हाई तो धूर कसा शिवू?" असं म्हणत त्यांनी मोकळ्या आभाळाकडं बोट दाखवलं. केंद्र सुरू झालं, तसा पुढच्या बिल्ल्यावर राखाडी दोऱ्याचा धूर परत आला. तो थोडा पूर्वेला झुकलेला होता. त्यांच्या वाळवणावर राख पडायची, ती त्याच दिशेनं.

मग स्पर्धा मोठी झाली. एक प्रायोजक मिळाला, त्याला 'भारदस्त' लोगो हवा होता. पुण्याला संगणकावर चित्रं करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून मी तो करवून घेतला. आगीच्या ज्वाळांमधून झेप घेणारा वाघ, पंजाखाली चेंडू. पाऊल गेलं, चिमणी गेली. हे सगळं मी एकट्यानं ठरवलं. कमिटीची बैठकसुद्धा घेतली नाही. आक्कांना सांगायला हवं, हे रोज मनात यायचं. त्यांच्या दुकानावरून मी रोज सायकलनं जायचो, आणि रोज घाईत असायचो.

उद्घाटनाच्या दिवशी आक्का कापडी पिशवी घेऊन मैदानावर आल्या. दरवर्षीप्रमाणे, कुणी न सांगताच त्यांनी अठरा बिल्ले शिवले होते. दारावरच्या मोठ्या बॅनरखाली त्या बराच वेळ उभ्या राहिल्या.

"वाघ हाय का ह्यो?"

"हो."

"आपल्याकडं कुटं हाय वाघ?"

मी म्हणालो, "आक्का, कमिटीनं ठरवलं. माझं काही चाललं नाही."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग पिशवीचं तोंड गुंडाळून ती काखेत धरली. "बरं दिसतंय, म्हणावं," एवढं बोलून त्या बायकांच्या बाजूला जाऊन बसल्या. सामना संपेपर्यंत बसल्या. पुढच्या वर्षी मात्र आल्या नाहीत. काही महिन्यांनी दुकानाला कुलूप दिसलं. गुडघे धरले म्हणून लेकीनं त्यांना अंबाजोगाईला नेलं होतं.

वाघ तीन वर्षं टिकला. प्रायोजक बदलला, गरुड आला. आता नुसती तिरकी अक्षरं आहेत. यंदा स्मरणिकेसाठी कुणीतरी जुना पावलाचा बिल्ला मागितला. शोधलं, तर एकही माझ्याकडे नव्हता. तेवढं निमित्त धरून मी अंबाजोगाईला गेलो. आक्का दोन वर्षांपूर्वीच गेल्याचं मला दारात कळलं.

लेकीनं घरात बसवलं. बिल्ल्यांचं विचारल्यावर म्हणाली, "ते आईनं उसवले. दोरा चांगला हाय म्हणली, नातीच्या दुपट्याला वापरला."

तिनं चहा आणला आणि समोर बसत म्हणाली, "आमाला लई राग आलता तवा. माझा भाऊ तर भांडायला निघालता मैदानावर. पण आईनं जाऊ दिलं न्हाई. म्हणली, मास्तरला कुणी बोलू नका. एवढ्या लोकांत तो एकटाच आपल्या बाजूनं भांडला असंल."

तिनं माझ्याकडं पाहिलं. "भांडला होतात ना, सर?"

कप माझ्या हातात होता. मी मान डोलावली.