हमीदची सायकल आणि भावोजींची मडगार्डं

भावोजी ज्या सायकलवरून रोज कंपनीत येत, तिला त्यांनी एकदाही 'माझी सायकल' म्हटलं नाही. "हमीदची सायकल जरा सावलीत लावतो," असं म्हणतच ते गेटमधून आत शिरत. नव्या वॉचमनची पहिली समजूत अशी होई, की हमीद नावाचा कोणी बिचारा मागून पायी येतो आहे आणि त्याची सायकल या गृहस्थांनी पळवली आहे.

रोह्याच्या ज्या केमिकल कंपनीत मी हिशेबखात्यात होतो, तिथे ते स्टोअरकीपर होते. खरं नाव हजेरीपत्रकात होतं आणि तिथेच राहिलं. त्यांची बायको कुंदाताई पेणजवळच्या हमरापूरची आणि मी पेणचा, म्हणजे आमच्याकडची मुलगी त्यांना दिलेली. म्हणून मी त्यांना भावोजी म्हणू लागलो, माझं ऐकून हिशेबखातं म्हणू लागलं आणि पुढे मॅनेजरसाहेबही फोनवर "भावोजी को भेजो" म्हणू लागले. साहेब उत्तरेकडचे. भावोजी हा एखादा हुद्दा असावा असं त्यांना वाटत असे. आम्ही कोणीही त्यांचा भ्रम मोडला नाही. कंपनीत त्याहून पोकळ हुद्दे बरेच होते.

हमीद हा भावोजींचा नागोठण्याचा बालमित्र. त्याने हौसेने मुंबईहून रेसर सायकल आणली होती. मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल, अंगठ्याएवढे टायर, निळा रंग. थोडे दिवस मिरवला आणि आखातात नोकरी लागून निघून गेला. जाताना सायकल भावोजींच्या अंगणात आणून म्हणाला, "चालवत ऱ्हा. उभी ऱ्हायली तर सडंल. मी आलो की नेईन." माणसं निरोप घेताना असं काहीबाही बोलतात. भावोजींनी मात्र ते कायद्याच्या कलमासारखं पाळलं. नागोठण्याहून भिसे खिंड चढून रोह्याला आणि संध्याकाळी परत, असा त्या सायकलचा रोजचा रियाज सुरू झाला. हमीदची सायकल सडू द्यायची नव्हती, आणि जशी दिली तशी परत करायची होती. भावोजींच्या आयुष्याला एवढा एकच हट्ट होता.

अडचण पावसाळ्याची. शर्यतीच्या सायकलला मडगार्डं नसतात. शर्यतवाल्याला मागच्याची पर्वा नसते आणि स्वतःच्या पाठीचीही नसते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर रस्ता आणि नांगरलेलं शेत यांत फरक सांगता येत नाही. भावोजी कंपनीत पोचत तेव्हा त्यांच्या पाठीवर कमरेपासून टाळूपर्यंत चिखलाचा सरळ पट्टा उठलेला असे. लोक म्हणत, भावोजींचा कणा बाहेरून दिसतो.

हे वर्षानुवर्षं खपलं असतं. पण साहेबांना एकदा शिस्तीचा झटका आला. त्यांनी स्टोअरच्या माणसांना पांढरेशुभ्र युनिफॉर्म दिले. रसायनांची पिंपं हलवणाऱ्यांना पांढरे कपडे देण्याची कल्पना फक्त पिंपं न हलवणाऱ्यालाच सुचू शकते. मग भावोजींना बोलावून त्यांनी बजावलं, "हे असं चालणार नाही. दुसरी सायकल घ्या, नाहीतर एसटीनं या." दुसरी सायकल घेतली तर हमीदची उभी राहणार. उभी राहिली तर सडणार.

त्या शनिवारी मी पेणला घरी निघालो होतो, तर भावोजी मला वाटेत नागोठण्याच्या सायकलवाल्याकडे घेऊन गेले. त्या दुकानदाराने रेसर उलटी केली, चाक फिरवलं आणि मान हलवली. "याला मडगार्डची तार लावायला जागाच नाय ठेवलेली. इथं नि इथं भोक मारतो. दोन मिनटांचं काम."

"भोक नाय मारायचं."

"का? दुखंल तिला?"

"हमीदची हाय."

"हमीद कवा येणार?"

"येईल."

"अहो भावोजी," मी मध्ये पडलो, "इतकी वर्षं तुम्हीच वापरताय. आता ती तुमचीच झाली."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "खिंडीतनं रोज जातो मी. म्हणून खिंड माझी झाली काय?"

मालकी हक्कावर मी बरंच काही वाचलेलं आहे, आणि त्यात खिंडीचं उदाहरण कुठेही नव्हतं.

शेवटी भावोजींनी ते काम आपल्या अंगणात, आपल्या हातांनी केलं, आणि पुरते दोन रविवार घेतले. पत्र्याच्या पट्ट्या कापून सायकलच्या नळ्यांभोवती वळवल्या. रंग खरवडू नये म्हणून आत जुन्या ट्यूबचं रबर घातलं. पट्टीची दोन टोकं बोल्टने आवळली आणि त्याच बोल्टला मडगार्डची तार अडकवली. पुढचं मडगार्ड ब्रेकखालून जाईना, तेव्हा त्याचे दोन तुकडे केले, एक ब्रेकच्या पुढे आणि एक मागे. तरी खडखड राहिलीच. मग कुंदाताईंच्या तुटक्या चपलेचं चामडं कापून वायसर केले. ती चप्पल अजून शिवण्याजोगी होती असं ताईंचं म्हणणं शेवटपर्यंत होतं. सगळं झाल्यावर मागच्या मडगार्डला खाली रबराची एक लांब जीभ लावली. मी म्हटलं, "आता तुमची पाठ वाचली, ही कशाला?"

"मागनं येणारा काय आपला वैरी हाय?"

आता एका गोष्टीचा उलगडा करायला हवा. ही मडगार्डं सोनेरी होती. ताईंचे भाऊ हमरापूरचे गणपतीचे कारागीर. बहिणीच्या नवऱ्याने कोऱ्या पत्र्याची मडगार्डं आणली हे त्यांना बघवलं नाही. त्यांनी ती हक्काने नेली आणि गणपतीच्या मुकुटाला देतात तो सोनेरी रंग देऊन परत केली. रंग सुरेखच होता. पण ज्याचा माल दहा दिवसांत पाण्यातच जायचा, तो रंग पाण्यात टिकावा याचा विचार कशाला करील? मडगार्डं बसवल्यावर पहिल्याच सोमवारी खिंडीत सडकून सर आली. चिखल अडला, सोनं अडलं नाही. भावोजी गेटमधून आत आले तेव्हा त्यांची पांढरी विजार गुडघ्यांपर्यंत सोन्याने मढली होती.

त्याच दिवशी मुंबईहून डायरेक्टर यायचे होते. सनई लावली होती, कमान उभारली होती, तिच्यावरचा 'सुस्वागतम्' पावसाने खाली लोंबत होता. डायरेक्टरांनी रांगेतल्या सगळ्यांशी हात मिळवले, भावोजींपाशी थांबले, विजारीकडे पाहून विचारलं, "प्रॉडक्शन?" साहेब काही बोलायच्या आत भावोजी म्हणाले, "नाय साहेब. मेव्हणा." डायरेक्टर गंभीरपणे मान हलवून पुढे गेले. मोठ्या माणसांचं एक बरं असतं, त्यांना उत्तर कळावं लागत नाही.

घरी ताईंनी विजार धुतली आणि बजावलं, "माझ्या दादानं हौसेनं दिलाय रंग. पुसू नका, आपणच जाईल." आपणच गेला. खालून साधा पत्रा निघाला, पण मडगार्डं जागेवरून हलली नाहीत. साहेबांचं म्हणणं मिटलं. पुढे साहेब बदलले, युनिफॉर्म निळे झाले, भावोजींचे केस पिकले. आखातातून कोणी परतलं की भावोजी हमीदची चौकशी करत. कोणी म्हणे दुबई, कोणी म्हणे कुवेत. कंपनीत पैजा लागत. 'हमीद आल्यावर' हा आमच्याकडे 'कधीच नाही'ला दुसरा शब्द झाला होता. भावोजींना हे ठाऊक होतं. ते हसत आणि दर रविवारी पट्ट्यांचे बोल्ट आवळत.

आणि हमीद आला.

मी त्या रविवारी पेणहून ताईंसाठी त्यांच्या भावाने दिलेला डबा घेऊन गेलो होतो. अंगणात एक जाडजूड गृहस्थ खुर्चीवर बसले होते. अत्तराचा घमघमाट, रंगवलेली दाढी. भावोजींनी ओळख करून दिली, "हा हमीद." माझ्या हातातला डबा पडायचाच बाकी होता. बहिणीच्या नातीचं लग्न होतं, त्यासाठी तो आला होता. जुन्या मास्तरांच्या, आंबा नदीच्या पुराच्या गोष्टी निघाल्या. बऱ्याच वेळाने भावोजी म्हणाले, "सायकल काढू?"

"कंची सायकल?" हमीदने विचारलं.

ताईंचा हात चहा ओतता ओतता थांबला. भावोजी पडवीत गेले आणि रेसर घेऊन आले. पाना घेऊन खाली बसले. एक एक बोल्ट सोडवला, तारा काढल्या, मडगार्डं भिंतीला टेकवली, पट्ट्या उकलल्या, रबर सोललं. बाकी सायकलचा रंग उन्हाने विटला होता. पण प्रत्येक पट्टीखाली निळ्या रंगाचं एकेक कडं निघालं, दुकानातून आजच आणल्यासारखं. भावोजींनी फडक्याने पुसून सायकल हमीदपुढे धरली.

"बघ. एक भोक नाय."

हमीदने चष्मा वर सारला, त्या निळ्या कड्यांवरून बोट फिरवलं. मग भावोजींकडे पाहिलं. "यार, तुलाच ठेव," असं तो म्हणणार, असं मला वाटलं, आणि म्हणू नये असंही वाटलं. ताई मध्येच बोलल्या, "न्या हो भाईजान. बायकोला कधी एवढं पुसलं नाय कुणी." हमीद हसला नाही. उठून त्याने हँडल हातात घेतलं आणि म्हणाला, "नेतो. बरी राखलीस."

हमीदचे गुडघे गेलेले होते, त्यामुळे हातात धरूनच नेली. भावोजी वळणापर्यंत सोबत गेले.

सोमवारी पेणहून मी ज्या एसटीने रोह्याला निघालो, तीत नागोठण्याला भावोजी चढले. माझ्या शेजारी बसले. कंपनीच्या, नव्या पगारवाढीच्या गप्पा झाल्या. खिंडीचा चढ लागला, गाडी कण्हू लागली, आणि भावोजी बोलायचे थांबले. मी खाली पाहिलं. त्यांचे दोन्ही पाय आळीपाळीने गाडीचा पत्रा दाबत होते. माथा आला तेव्हा पाय थांबले, त्यांनी मोठा श्वास सोडला. मग उतारावर समोरच्या सीटच्या दांडीवर त्यांची बोटं आवळली गेली. ड्रायव्हर गाडी सुसाट सोडत होता. ब्रेक भावोजी लावत होते.