सार्वमतवाले मामा

मामा मतदान घेतल्याशिवाय एसीचं बटणसुद्धा दाबत नसत. ओमानमधल्या सोहारच्या औद्योगिक वसाहतीत कंपनीच्या क्वार्टरमध्ये आम्ही चौघे एका खोलीत होतो: मामा, स्टोअर सांभाळणारा मी आणि वेल्डिंगमधले दोघे सातारकर. एसी किती वर ठेवायचा, शुक्रवारी चिकन की अंडाकरी, सकाळी बाथरूममध्ये आधी कोण, सगळ्यावर हात वर करून ठराव व्हायचा. बाहेर ऊन भाजून काढतंय आणि आत यांची संसद. सुरुवातीला मला हसू यायचं, मग वैताग यायला लागला, मग काहीच वाटेनासं झालं. तिथे राहिलं की सगळ्याचंच असं होतं.

मामा संगमेश्वरकडचे, क्रेन ऑपरेटर. हे खूळ त्यांच्या डोक्यात घातलं ते क्रेन बसवायला आलेल्या एका स्विस इंजिनिअरनं. त्याच्या देशात ठरावीक सह्या जमवल्या की साधी माणसं घटना बदलायचा प्रस्ताव मांडू शकतात, संसदेनं केलेला कायदा मतदानानं पाडू शकतात. हे ऐकलं आणि मामा कामातून गेले. आपल्याकडे बोटाला शाई लावून घ्यायची आणि पुढची पाच वर्षं गप्प बसायचं, याची त्यांना मनापासून चीड होती. गावातून मोठा रस्ता जाणार हे त्यांच्या घरच्यांना मोजणीवाले अंगणात उभे राहिल्यावर कळलं होतं. देशाचा कायदा देशानं करायचा, मधले दलाल कशाला, असं ते चहाच्या सुट्टीत तावातावानं सांगत. मग ओमानी फोरमन लांबून हात हलवायचा, "खलास मामा, यल्ला," म्हणजे पुरे, चला आता, आणि मामा क्रेनच्या शिडीला लागायचे.

त्यांचं तत्त्व एकच होतं. "ज्याला कायदा पाळायचा, त्यालाच मत." आमचा केरळी कुक स्वतःचं वेगळं शिजवून खायचा, म्हणून जेवणात काय करायचं यावर त्याला मत नव्हतं. पण स्वयंपाकघर किती वाजता बंद करायचं यावर होतं. त्या बिचाऱ्याला यातलं काही कळत नसे. मामा सांगतील तेव्हा तो हात वर करी.

एकदा सातारकरांनी ठराव आणला की खोलीत सुकं मासं भाजायचं नाही. वास गादीत बसतो म्हणे. बसत होताच. मीही हात वर केला. तीन विरुद्ध एक. मामांनी स्वतःच निकाल जाहीर केला आणि गावाहून आणलेले बोंबील शेजारच्या खोलीत देऊन टाकले. पुढे आम्ही तिघे ड्यूटीवर असताना कुकनं दोनदा विचारलं, मामा, भाजून देऊ का, कोण बघतंय? मामा नको म्हणाले. मी त्यांना डिवचलं, की बघा, तीन माणसं मिळून चौथ्याचा घास काढतात, हाच तुमचा लोकांचा कायदा. मामा वरण-भात कालवत म्हणाले, "मग मला तुम्हाला पटवायला हवं होतं. ते जमलं नाय."

त्यांना गप्प करायचा माझ्याकडे एकच उपाय होता. तुम्ही स्वतः शेवटचं मत कधी दिलंत, असं विचारायचं. गावच्या यादीत त्यांचं नाव होतं, पण निवडणूक यायची तेव्हा मामा इथे. ते खिडकीबाहेर बघत बसायचे. मग मलाच कसंतरी व्हायचं आणि मी विषय बदलायचो.

व्हिसाची मुदत संपत आली, तेव्हा मामांचे गुडघे पार गेले होते. शिडी चढताना मध्येच थांबून श्वास घ्यायचे. कंपनी आणखी दोन वर्षं द्यायला तयार होती. मामा मला स्पष्ट म्हणाले, की मला आता घरी जायचंय, आईजवळ बसायचंय. मी म्हटलं, मग जा की. तर नाही. शुक्रवारी दुपारी त्यांनी घरी व्हिडिओ कॉल लावला आणि ठराव मांडला: मी कायमचं परत यावं की नाही.

मी शेजारच्या पलंगावर पडून ऐकत होतो. मुलगा म्हणाला, बाबा, वरच्या मजल्याचं काम अर्धं आहे, दोन वर्षं काढाच. सूनबाईंनी नवऱ्याकडे बघून हात वर केला.  मामी म्हणाल्या, इथे येऊन तुम्ही दिवसभर करणार काय? त्यांनीही तिकडेच हात वर केला. आईला ठराव काय ते कळलंच नव्हतं. ती सारखी एवढंच विचारत होती, "तू येतंस मा?" मामांनी ते मत 'यावं' या बाजूला धरलं. तीन विरुद्ध एक.

फोन ठेवल्यावर मी उठून बसलो. म्हटलं, मामा, तुमचं मत?

"मी त्या घरात राहतो कुठे?" ते म्हणाले आणि कपडे धुवायला गेले.

व्हिसा वाढला. मामा शिडी चढत राहिले. आई गेल्याचा फोन आला तेव्हा ते वर केबिनमध्ये होते. लटकत असलेला लोड त्यांनी नीट खाली ठेवला, मग उतरले. तिकीट दुसऱ्या दिवशीचं मिळालं. माझ्यासाठी थांबू नका, असं त्यांनी मुलाला सांगितलं. मी त्यांची बॅग भरत होतो आणि मला रडू यायला हवं होतं, पण येत नव्हतं. मामांनाही येत नव्हतं. दोघंही नुसते कपड्यांच्या घड्या घालत होतो.

तेरावं करून ते परत आले. डोकं भादरलेलं, चेहरा तसाच. संध्याकाळी मी चहा दिला आणि म्हटलं, मामा, झालं ते पुष्कळ झालं. आता घरी पुन्हा ठराव मांडा. या वेळी देतील होकार.

मामांनी चहा संपवला.

"कशाला?" ते म्हणाले. "ये म्हणणारं एकच मत होतं. आता घरात एकमत आहे."