उघाडीच्या फळीवर हात कोणाचा

एवढी वर्षे लोटली, तरी दासगावजवळच्या त्या बांधाची फिर्याद माझ्या मनातून गेलेली नाही. त्यात खून नव्हता, दरोडा नव्हता. म्हणून ती लिहावी की नाही, असे बरेच दिवस वाटत राहिले.

आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेला मी पहिलाच. फौजदार म्हणून महाडला आलो तेव्हा कायदा वाचलेला होता, खाडी मात्र पाहिलेली नव्हती. चवदार तळ्याच्या सत्याग्रहानंतरचा तो काळ. ठाण्याचे बरेचसे शिपाई बंदोबस्तातच गुंतलेले असत.

सावित्रीकाठच्या एका गावाने मातीचा बांध घालून भातशेती राखली होती. बांधाला लाकडी फळ्यांचे एक दार होते. त्याला उघाडी म्हणत. ओहोटीला फळ्या काढून पावसाचे पाणी सोडायचे आणि भरतीआधी त्या टाकून खारे पाणी अडवायचे. बांधाची व्यवस्था पाच पंचांकडे होती, प्रत्यक्ष काम एका कारभाऱ्याकडे. कारभारी बाहेरगावचा असावा अशी तिथली रीत होती, कारण बांधाखाली ज्याचे शेत नाही तो कोणाची बाजू घेणार नाही. म्हणून पोलादपूरकडचा, आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या वाडीतला माणूस आणलेला. बायकोमुलांसह तो बांधावरच्या झोपडीत राहत असे.

भाद्रपद अमावास्येच्या उधाणात उघाडी उघडीच राहिली आणि पोटरीतले, कणसे बाहेर पडायला आलेले भात खाऱ्या पाण्याखाली गेले. पंचांनी फिर्याद दिली की, भरतीबरोबर आत येणारे मासे धरणाऱ्यांशी संगनमत करून कारभाऱ्याने फळ्या काढल्या. मी त्याला अटक केली.

"फळ्या कोणी काढल्या?" मी विचारले.

"म्या नाय काढल्या, सायेब."

"मग टाकल्या का नाहीस?"

आमचे हवालदार म्हणाले, "डोंगरावरनं आलास खाडीला कुलूप लावायला. आता तुलाच लागंल. बोल की रे."

"पंचांनी ठेवला हाय मला. त्यांच्यावर मी कसा बोलू?"

गुन्हा शाबीत झाला असता तर त्याला सक्तमजुरी होती आणि बायकोमुलांना झोपडी सोडावी लागली असती. तरी तो बोलेना. गुन्हेगार बहुधा फार बोलतो, असा माझा थोडाफार अनुभव होता. पण नुसत्या गप्प राहण्यावरून निर्दोष ठरवायचे, हेही मनाला पटेना.

अशात दासगावचा एक तरवाला, होडीने माणसे खाडीपार करणारा, आपणहून ठाण्यात आला. म्हणाला, "सायेब, भरती चढत व्हती तवा मी होडी बांधत व्हतो. तुमचा चोर दारोदार पळत व्हता. माशांसाठी दार सोडलेला मानूस पंचांच्या वटीवर कशाला जाईल?"

मी गावात गेलो. पाचही पंचांना चावडीत एकेकटे बोलावले आणि एकच प्रश्न विचारला: उधाण आले की फळी टाकायची कोणी?

वडील पंच म्हणाले, "मी सांगितल्याबिगर फळी हलत नाय." दुसऱ्याने सांगितले की, ज्याचे शेत सखल त्याचे ऐकतात. तिसरा म्हणाला, पाचांनी मिळून ठरवायचे. चौथा माझ्यावरच चिडला. "कारभाऱ्यानं. मग त्याला ठेवलाय कशाला?"

पाचव्याने आधी चावडीचे दार लोटून घेतले. मग म्हणाला, "माझ्या खाचरात पाणी तुंबलं व्हतं, सायेब. भात कुजाया लागलं. फळ्या मीच काढल्या. म्हटलं, मी पंच हाय, कोण इचारतोय? भरतीआधी कारभारी टाकीलच."

कारभाऱ्याने त्या का टाकल्या नाहीत, तेही मग पाचव्याकडूनच उलगडले. आषाढात त्याने स्वतःच्या अंदाजाने फळ्या टाकल्या होत्या, तेव्हा एका पंचाच्या शेतात पाणी साचले. त्यावर पाचांनी त्याला बोलावून ताकीद दिली होती, आम्हांला विचारल्याशिवाय फळीला हात लावायचा नाही. म्हणून उधाणाच्या दिवशी तो विचारायला धावला. वडील पंचांनी बाकीच्यांकडे पाठवले. एक पंच महाडच्या बाजारात होता. तोवर पाणी आत शिरले होते.

मॅजिस्ट्रेटसाहेबांकडे तसा अहवाल पाठवून मी त्याला सोडवले. वडील पंच ठाण्यात आले आणि म्हणाले, "झालं गेलं इसर रे. चल कामाला."

"काका, चोर म्हनून सगळ्या गावासमोरनं न्हेलात," तो म्हणाला. "चोर नाय, हे पन गावासमोरच सांगा. आनि पानी किती ठेवायचं ते पाचांनी आधी ठरवा. फळीला हात मात्र माझाच. चुकलो तर पानी उतरल्यावर चावडीत उभा करा, उधाणात नको."

वडील पंचांनी बांधावर गाव जमवले आणि डोक्यावरचे मुंडासे काढून सांगितले, "ह्यानं दार इकलं नाय. आम्ही पाचांनी दाराला पाच धनी केले." पाणी किती ठेवायचे त्याची खूण पाचांनी त्याच दिवशी उघाडीच्या खांबावर कोरली.

पुढे नोकरीत अनेक संस्था, अनेक मंडळे पाहिली. चोरी कमी ठिकाणी सापडली. हुकूम सगळ्यांचा आणि जबाब एकट्याचा, हा प्रकार जास्त दिसला. ठरवणाऱ्यांनी आधी नीट ठरवावे, करणाऱ्याला करू द्यावे आणि मग त्याला जाब विचारावा, एवढेच मला समजले. ते पुरते समजले आहे की नाही, अजून खात्री नाही.

पुढच्या पावसात उधाणाच्या वेळी मी मुद्दाम तिथे गेलो. पाचवा पंच इरले घेऊन बांधावर आला. "फळी टाक रे, पाणी चढतंय."

कारभाऱ्याने खांबावरच्या खुणेवरून नजर काढली नाही. "काका, घरी जावा. पाय घसरंल."

पंच मागे वळला. माझ्याजवळून जाताना म्हणाला, "बरं हाय, सायेब. आता चुकलं तर कोण चुकला, ते तरी कळंल."