साहेबांना आसवात चामडं लागलं

माझे सासरे हिंगोलीत वैद्यकी करायचे. दारूचा वाससुद्धा त्यांना सहन होत नसे. रस्त्यानं कुणी पिऊन झुलत आला तर ते उपरणं नाकाला लावून पलीकडच्या बाजूनं जात. आणि याच माणसाच्या घरी एके दिवशी आबकारीचे साहेब दारू तपासायला आले. तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि मला लग्न होऊन या घरात येऊन दोनेक वर्षं झाली असतील.

सगळ्याचं मूळ होतं द्राक्षासव. जुन्या छावणीच्या बाजूला एका पडक्या बंगल्याच्या आवारात द्राक्षाच्या वेली होत्या. कुणा गोऱ्या साहेबानं लावलेल्या. खोडं माणसाच्या मांडीएवढी जाड, साल सुटून लोंबणारी. द्राक्षं थोडीच यायची, बारीक, काळीभोर, जाड सालीची. खायला घेतली तर तोंड वाकडं व्हायचं. पण मामंजींना त्यांचं फार कौतुक. माळ्याला सांगून ते सगळा माल घरी आणवत आणि आसव घालत. गूळ, धायटीची फुलं, दालचिनी, पिंपळी, नागकेशर असं सगळं पडायचं. मग तोंड बांधून बरण्या ज्वारीच्या कणगीत पुरून ठेवायच्या.

सासूबाई सांगायच्या की पहिल्या वर्षीचं आसव खरंच औषधासारखं लागायचं. पण मामंजींना दरवर्षी वाटे की पिंपळीनं द्राक्षाची चव झाकली जातेय. एका वर्षी पिंपळी कमी झाली. दुसऱ्या वर्षी दालचिनी. मी आले तोवर बरणीत द्राक्षांशिवाय फारसं काही उरलंच नव्हतं, आणि बरण्या दोन-दोन वर्षं कणगीतून बाहेर निघत नव्हत्या.

आणि गावात अशक्तपणा वाढला. एरवी धडधाकट दिसणारे वकील, पेशकार, सेनगावकडचे दोन-चार पाटील, सगळ्यांना भूक लागेना, झोप येईना. सगळे आसव न्यायला यायचे. मामंजी नाडी बघून म्हणायचे, "जेवणानंतर दोन चमचे, बराबर तेवढंच पाणी घालून." ते मान हलवायचे आणि बाटली लपवून न्यायचे.

गावातल्या दारूच्या गुत्तेदाराचा धंदा मग बसला. त्यानं वर तक्रार केली की वैद्यबुवा औषधाच्या नावाखाली शराब विकून राहिले.

साहेब येणार ही खबर आम्हाला आदल्या दिवशीच लागली. ते हैदराबादचे, विलायतेत शिकून आलेले आणि खाण्यापिण्याचे मोठे शौकीन, असंही कळलं. मामंजी खूश झाले. "येऊ द्या की. जाणकार माणूस हाय, औषधाची पारख करील."

मामंजी आंघोळीला गेले तशी सासूबाईंनी मला हाक मारली, "सूनबाई, काडेचिराईत कुठं ठेवलंय?"

काडेचिराइताचा काढा किती कडू असतो ते ज्याला हिवताप आलाय त्यालाच माहीत. आसवाची एक लहान बरणी त्यांनी बाहेर काढली आणि काढा उकळून तिच्यात ओतला. मी म्हणाले, "आत्याबाई, हे काहून?"

"औषध हाय ना? मग औषधासारखं लागू दे."

साहेब दुपारी आले. गोरे, ठेंगणे, अचकन घातलेले, बोलायला फार गोड. ओसरीवर बैठक घातली होती. आम्ही दोघी दाराआड उभ्या. साहेबांनी पितळी पेला नको म्हटलं आणि काचेचा मागितला. घरात औषध मापायचा एकच काचेचा पेला होता, तो दिला. सासूबाईंनी ती लहान बरणी पुढं सारली.

साहेबांनी पेला उजेडाकडे धरला. मग तो गोल गोल फिरवायला लागले.

"अहो, सांडंल!" मामंजी म्हणाले.

साहेबांनी पेल्यात नाक खुपसलं आणि डोळे मिटून बसले.

"सर्दी हाय का?" मामंजींनी काळजीनं विचारलं.

मग साहेबांनी मोठा घोट घेतला आणि तो तोंडात खळखळवला. मामंजी सांगायला लागले की हे गुळण्यांचं औषध न्हाई. तेवढ्यात साहेबांचे डोळे पांढरे झाले. ते उठले, ओसरीच्या कडेला धावले आणि मोगऱ्याच्या झाडावर सगळं थुंकले.

"दवा है!" डोळ्यांतलं पाणी पुसत ते म्हणाले. "बेशक दवा है. कोई शक नहीं."

सासूबाईंनी माझा हात दाबला. साहेबांनी टोपी उचलली. प्रकरण मिटलं होतं.

पण मामंजींनी बरणीत बोट बुडवून चाखलं आणि त्यांचा चेहरा लाल झाला. "हे आसव माझं न्हाई! साहेब, बसा. तुमी बसा. ही माझ्या हातची चीज न्हाई." आणि आम्ही काही म्हणायच्या आत ते स्वतः कणगीपाशी गेले, कोपरापर्यंत ज्वारीत हात घातला आणि सगळ्यात जुनी बरणी उचलून आणली. सासूबाईंनी कपाळावर हात मारला.

साहेब या खेपेला घाबरतच प्याले. आधी जिभेच्या टोकावर थेंब घेतला, मग घोट. तो बराच वेळ जिभेवर घोळवला. मामंजी समोर परीक्षेला बसलेल्या पोरासारखे.

"जामुन," शेवटी साहेब हलकेच म्हणाले. "पका हुआ जामुन."

"जांभूळ? जांभूळ घातलंच न्हाई!"

"थोडी तंबाखू की पत्ती..."

"तंबाखू? माझ्या औषधात?"

"और आख़िर में..." साहेबांनी डोळे मिटले, "पुराना चमड़ा. वाह!"

मामंजी ताडकन उठले. "चामडं? साहेब, माझ्या घरात सोवळ्यात आसव घालतात! भेसळीचा आळ घ्या, फासावर द्या, पण चामड्याचं नाव काढू नका!"

साहेबांनी हात जोडले. ते समजवायला लागले की ही तारीफ आहे, विलायतेत असंच बोलतात, अशी चव फक्त जुन्या वेलींच्या फळालाच येते. आणि मग बोलण्याच्या भरात ते बोलून गेले, "वैद्यजी, यह दवा नहीं. यह तो आला दर्जे की शराब है."

बोलल्यावर साहेबांच्या ध्यानात आलं की आपण काय बोललो. आता शराब म्हटल्यावर त्यांना जप्ती करणं भाग होतं, आणि मामंजी तर अपमानानं थरथरत होते.

तेव्हा सासूबाईंनी मला कोपरानं ढोसलं आणि दाराआडून, पण साहेबांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "सूनबाई, साहेबांना विचार. दारू असंल तर पेला खाली ठेवा अन् बरण्या गटारीत ओता. औषध असंल तर दुसरा डोस वाढते."

साहेबांनी हातातल्या पेल्याकडे बघितलं. गटारीकडे बघितलं. मग त्यांनी पेला हळूच दाराच्या दिशेनं पुढं केला.

"दवा है," ते म्हणाले.

मामंजींनी लगेच त्यांची जीभ बघितली, नाडी धरली आणि यकृतात उष्णता असल्याचं सांगितलं. दोन चमचे, बराबर तेवढंच पाणी. पाणी ऐकल्यावर साहेबांचा चेहरा काडेचिराइताच्या वेळेपेक्षाही वाईट झाला. पण मामंजींनी स्वतःच्या हातानं पाणी घातलं आणि समोर बसवून पाजलं.

साहेब गेल्यावर मामंजी देवळात गेले. आम्ही दोघींनी दार लावलं आणि त्या जुन्या बरणीतलं वाटीत घेतलं. सासूबाईंनी साहेबांसारखी वाटी फिरवली, अर्धं लुगड्यावर सांडलं. मग घोट घेऊन डोळे मिटले.

"काय लागतंय?" मी विचारलं.

"द्राक्षं," त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "अन् जांभूळ हाय गं. मेला खरं बोलला." आम्ही इतक्या हसलो की शेजारीण चौकशीला आली. तिलाही अशक्तपणा होताच.

काडेचिराईत कुणी घातलं हे मामंजींनी कधी विचारलं नाही. पण त्यानंतर कणगीच्या खोलीला कुलूप आलं. साहेबांचा शिपाई महिन्या-महिन्याला औषधाला यायचा, आणि मामंजी पाणी घालूनच बाटली द्यायचे. पुढं साहेबांची बदली झाली, मग निजामाचं राज्यही गेलं. छावणीजवळची ती बाग कुणीतरी विकत घेऊन वेली उपटल्या. मामंजींनी धावत जाऊन काड्या आणल्या आणि आमच्या विहिरीकाठी लावल्या. त्यांना पानं भरपूर आली. द्राक्ष एकही नाही. ती पानं शेजारणीच्या शेळ्या खायच्या, आणि तेव्हापासून शेळ्यांची भूक सुधारली, असं मामंजी आल्या-गेल्याला सांगत.